मूल म्हणजे बोटीतलं सामान नव्हे

गेल्या महिन्यात आमच्या मंडळाच्या बैठकीत मी एक प्रस्ताव मांडला. मे महिन्यात आपण मुलांचं शिबिर घेतो, त्यात या वर्षी पाणी आणू या. आधी पोहणं, मग वल्हं, मग लहान मशीनची बोट, आणि ज्यांचा हात बसेल त्यांच्यासाठी शेवटच्या रविवारी बोयांमधून वळणं घेत घड्याळाशी शर्यत. आईवडिलांनी काठावर नुसतं बसायचं नाही. कुणी घड्याळ धरायचं, कुणी बोट धरायची, कुणी जॅकेटचे पट्टे तपासायचे. पॉवरबोटची शर्यत हा घराने मिळून खेळायचा खेळ आहे आणि करी रोडच्या मुलांनी तो खेळावा, असं मी म्हणालो. प्रस्ताव पाच मिनिटांत बाजूला पडला.

प्रस्ताव पडतात, त्याचं काही नाही. पण ज्या कारणांनी हा पडला ती मला मान्य नाहीत, आणि ती एकट्या आमच्या मंडळाची नाहीत. तीन बाजूंनी पाणी असलेल्या या मुंबईत बहुतेक मराठी घरांत हीच कारणं ऐकू येतात. म्हणून उत्तर लिहून देतो.

कारणं चार सांगितली गेली. एक, जिवाला धोका. दोन, हे पैसेवाल्यांचे चोचले. तीन, मुलांना वेगाचं वेड लागेल. चार, समुद्राची आणि कोळ्यांच्या धंद्याची नासाडी. बोलणारे कुणी परके नव्हते. पहिलं कारण सांगणारे अण्णा माझ्या वडिलांबरोबर गिरणीत होते. तिसरं सांगणाऱ्या बाईंनी माझ्या मुलाला पाचवीत गणित शिकवलं. त्यांचा शब्द मी हलका धरत नाही, म्हणूनच एकेक कारण पुढ्यात घेऊन बोलायचं आहे.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. वडील साचेखात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. वर्षभरात शाळा सुटली आणि मामाच्या ओळखीने भाऊच्या धक्क्यावर इंजिनं उघडायला लागलो. तेव्हापासून हेच काम करतोय. लाँचची डिझेल इंजिनं आणि होडीच्या मागे लटकणारी आउटबोर्ड मशीनं. मशीनचा पंखा माणसाच्या मांडीचं काय करतो ते मी पाहिलं आहे. तेव्हा धोका मला ठाऊक नाही, असं कुणी समजू नये.

आता पहिलं कारण.

पॉवरबोटच्या शर्यतीत माणसं मेली आहेत, हे खरं आहे. फॉर्म्युला वनच्या गाड्या चालवलेला फ्रान्सचा दिदिए पिरोनी १९८७ साली इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटाजवळ बोट उलटून गेला. मोनॅकोच्या राजकन्येचा नवरा स्तेफानो कासिरागी १९९०मध्ये मोनॅकोजवळच्या समुद्रात असाच गेला. दोघेही कसलेले होते. उघड्या समुद्रावर प्रचंड वेगात असताना एक लाट चुकीची लागली की बोट हवेत उठते, आणि खाली येते तेव्हा पाणी काँक्रीटसारखं लागतं. आजच्या फॉर्म्युला वन पॉवरबोटी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जातात. अशा बोटीच्या जवळपासही मूल असू नये. वडिलांनी पोराला मांडीवर बसवून बोट पळवायची आणि त्याला ‘फॅमिली स्पोर्ट’ म्हणायचं, हे मला अण्णांपेक्षाही जास्त नामंजूर आहे.

पण मुलांची शर्यत म्हणजे ही शर्यत नव्हे. या खेळाची जागतिक संघटना, युनियन इंटरनॅशनल मोटोनॉटिक, १९२२ सालची. मुलांसाठी तिचा ‘फॉर्म्युला फ्युचर’ नावाचा उपक्रम आहे. त्यात लहान रबरी बोटी आणि लहान मशीनं असतात. आठ वर्षांपासूनची मुलं संथ पाण्यात बोयांमधून नागमोडी वळणं घेतात. ब्रिटनमध्ये ९ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ‘जीटी १५’ हा गट आहे. त्यातला १५चा आकडा मशीनच्या हॉर्सपॉवरचा. अमेरिकेतही नऊ वर्षांपासूनच्या मुलांचे वेगळे गट पूर्वीपासून आहेत. मुलाच्या अंगावर हेल्मेट आणि लाइफ जॅकेट असतं, पाण्यात बचावाची बोट तयार उभी असते. पुढे मोठ्या वयात बंद कॉकपिटच्या बोटीत बसायचं तर आधी ‘टर्टल टेस्ट’ द्यावी लागते. पोहण्याच्या तलावात कॉकपिटसकट माणसाला उलटं करतात आणि पट्टे सोडवून त्याला स्वतः बाहेर यावं लागतं. येता आलं नाही तर शर्यत नाही. घाबरलेल्या माणसाला पाण्याखाली डोकं शांत ठेवायला शिकवणारी दुसरी शाळा मला माहीत नाही.

आणि एक लाल दोरी असते. ती नीट समजून घेतली की माझं निम्मं म्हणणं समजेल. प्लास्टिकची, फोनच्या जुन्या वायरसारखी गुंडाळलेली दोरी. तिचं एक टोक मशीनच्या बटणाखाली चिमट्याने अडकवायचं आणि दुसरं चालवणाऱ्याच्या पायाला किंवा जॅकेटला. माणूस बोटीबाहेर फेकला गेला की दोरी खेचली जाते, चिमटा निघतो आणि मशीन जागच्या जागी बंद पडतं. इंग्रजीत तिला किल कॉर्ड म्हणतात. ती नसली तर चालवणारा पाण्यात आणि बोट चालू, अशी अवस्था होते. मग बिनमाणसाची बोट गोल गोल फिरत त्याच्याच अंगावर येते. मे २०१३मध्ये इंग्लंडमधल्या पॅडस्टो इथे हेच झालं. सहा माणसांचं कुटुंब बोटीतून बाहेर फेकलं गेलं. दोरी बोटीवर होती, पण कुणाला अडकवलेली नव्हती. बोट फिरून परत आली. वडील गेले, आठ वर्षांची मुलगी गेली, आणखी दोघांना गंभीर इजा झाल्या. ती शर्यत नव्हती, सुट्टीतली फेरी होती.

आपल्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या कित्येक मशीनांवर ही दोरीच नसते. चिमट्याच्या जागी तारेचा तुकडा खोचून मशीन चालू ठेवलेलं असतं. मी नवी दोरी लावून देतो, पुढच्या खेपेला पुन्हा तार. मोठ्या माणसांची सवय मला चाळीस वर्षांत बदलता आलेली नाही. पण माझ्या दहा वर्षांच्या नातीला गेल्या दिवाळीत दुकानात नेलं आणि पिंपात बुडवलेलं मशीन चालू करून दाखवलं. दोरी तिच्या मनगटाला लावली आणि म्हटलं, खेच. तिने खेचली. एवढा गडगडाट एका क्षणात थांबला. दुकानात फक्त पिंपातलं पाणी हिंदकळल्याचा आवाज राहिला. ती दोरीकडे बघत राहिली. म्हणाली, “आबा, म्हणजे हे माझ्या हातात आहे?” त्या दिवसापासून दोरीशिवायची बोट तिच्या डोळ्यांना खुपते. शर्यतीत भाग घेणारं मूल ही दोरी प्रत्येक वेळी लावतं, कारण तिच्याशिवाय त्याला पाण्यात सोडतच नाहीत. नियम अंगवळणी पडायला खेळासारखं दुसरं काही नाही.

अण्णांनी बैठकीत ‘नीलकमल’ची आठवण काढली. काढायलाच हवी होती. १८ डिसेंबर २०२४ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या त्या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी घेत असलेली नौदलाची वेगवान बोट आदळली. बोटीत शंभराहून अधिक माणसं होती. पंधरा जीव गेले. अण्णा म्हणाले, “वेगाच्या बोटीनेच मारलं ना? आणि तू पोरांना त्याच बोटीत बसवायला निघालास.”

अण्णा, त्या दिवशी मेलेली माणसं वेगाच्या बोटीत शर्यत करत नव्हती. त्यांतली बहुतेक तिकीट काढून सहलीला निघाली होती. मुलांच्या शर्यतीत पाण्याचा तुकडा बोये टाकून बंद केलेला असतो. त्यात कोण, किती बोटी, कुठल्या दिशेने, हे सगळ्यांना माहीत असतं. झेंडा पडला की सगळं थांबतं. बंदरात तसं नसतं. तिथे लाँच, मच्छीमार, टग, मोठी जहाजं सगळी एकाच पाण्यात असतात. वेग कुठे असावा आणि कुठे नसावा, हा तुमचा प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर ‘आखलेल्या पाण्यात, नियमाखाली’ हे आहे. ‘कुठेच नको’ म्हटल्याने वेगाच्या बोटी बंदरातून नाहीशा होत नाहीत, फक्त आपली मुलं त्यांच्याबद्दल अडाणी राहतात.

त्याच दुर्घटनेतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बुडत्या बोटीवरचे काही आईबाप मुलांना समुद्रात टाकायच्या तयारीला आले होते. मदतीला पोचलेल्या केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांनी त्यांना ओरडून थांबवलं. वर्तमानपत्रांत हे आलं होतं. त्या आईबापांना मी एका शब्दाने दोष देणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही काही सुचलं नसतं. पण बोट बुडताना काय करायचं हे त्या क्षणी तिथे बसलेल्या माणसांना कुणी कधी शिकवलं होतं? जॅकेट कसं बांधायचं, कुठल्या बाजूने उतरायचं, पाण्यात मुलाला कसं धरायचं? आपण समुद्राकाठी राहतो आणि समुद्रावर जाताना सामान होऊन जातो. कुणीतरी आपल्याला चढवतं, कुणीतरी उतरवतं.

मुलांचं तर विचारूच नका. १३ जानेवारी २०१८ला डहाणूला सहलीची बोट कलंडली. चाळीसएक विद्यार्थी होते, तीन मुली गेल्या. मुलं फोटोसाठी एका बाजूला सरकली आणि बोट झुकली, असं तेव्हा सांगितलं गेलं. जानेवारी २०२४मध्ये बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. यातल्या एकाही मुलाला शर्यतीचा नाद नव्हता. लहान बोट ज्याने एकदा स्वतः चालवली आहे, त्याला वजन एका बाजूला गेलं की काय होतं हे ढुंगणाखालच्या फळीतून कळलेलं असतं. ते पुस्तकातून कळत नाही. अण्णा, धोका बोटीत आहे हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. मोठा धोका बोटीत काहीच न कळता बसण्यात आहे. आणि आपण मुलांना तसंच तर बसवतो.

एक आपल्या गल्लीतली गोष्ट. दहीहंडीला वरच्या थरावर लहान पोर चढवायची आपली जुनी रीत. आपण सगळ्यांनी खाली उभं राहून ते पाहिलं आहे. पोरं पडली, हात मोडले, काही घरांत त्याहून वाईट झालं. शेवटी प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७मध्ये उच्च न्यायालयात १४ वर्षांखालच्या मुलांना थरांवर न चढवण्याचं ठरलं. २०२२मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. हेल्मेट आली, विमा आला. वय ठरवलं, साधनं ठरवली, म्हणून ती आज खेळ म्हणवून घेऊ शकते. धोका दिसला म्हणून दहीहंडी बंद करा, असं गिरणगावात कुणी म्हटलं नाही. नियम करा, असं म्हटलं. पाण्याच्या बाबतीत मात्र आपण थेट दार लावतो. उंचीची भीती आपल्या ओळखीची आहे आणि पाण्याची अनोळखी, एवढाच फरक आहे.

दुसरं कारण पैशाचं. हे मला सर्वांत जास्त लागलं, कारण त्यात आपणच आपल्याला छोटं करतो.

मार्च २०१७मध्ये मरीन ड्राइव्हला ‘पी वन’ पॉवरबोटींची शर्यत झाली. तीन दिवस. आपल्याकडची पोरं ट्रेनने चर्चगेटला जाऊन कठड्यावर बसून आली. मीही गेलो होतो. पाण्यावर बहुतेक परदेशी चालक, मोठ्या कंपन्यांच्या नावांचे संघ, आणि कठड्यावर मुंबई. एखाद्या मुलाला बोटीजवळ नेऊन “हे मशीन बघ, हा पंखा असा फिरतो” असं सांगायची सोय मला तरी दिसली नाही. शर्यत इथे रुजली नाही याचं मला नवल वाटत नाही. कठड्यावर बसून बघण्याने खेळ रुजत नाही, हात लावण्याने रुजतो. तेव्हा ‘हा खेळ आपल्याला लांबूनच दाखवला जातो’ अशी तक्रार असेल तर मी तुमच्या बाजूला आहे. ‘म्हणून आपण लांबच राहावं’ हे मात्र मान्य नाही.

मुलांची ‘ऑप्टिमिस्ट’ ही लहान शिडाची बोट आज जगभर आहे, आपल्याकडच्या यॉटिंगमध्येही आहे. ती जन्माला आली १९४७मध्ये अमेरिकेतल्या क्लिअरवॉटर या समुद्रकाठच्या गावात. क्लार्क मिल्स नावाच्या बोट बांधणाऱ्याने दोन प्लायवूडच्या तक्त्यांतून होईल अशी स्वस्त बोट आखली. कल्पना अशी होती की गावातल्या दुकानदारांनी एकेका मुलाच्या बोटीचा खर्च उचलावा. दुकानदारांनी वर्गणी दिली आणि बोटी झाल्या. आता मला सांगा, दुकानदारांकडून वर्गणी उभी करणं लालबाग-करी रोडला कुणी शिकवायला हवं का? मसाल्याच्या गल्लीपासून चिवड्याच्या गल्लीपर्यंत आपण नव्वद वर्षं दुसरं काय करत आलो? एका मुलाला एक बोट कुणीच म्हणत नाही. वीस मुलांत एक बोट, एक जुनं मशीन, दहा जॅकेटं आणि दोन शिट्ट्या. एवढ्यावर सुरुवात होते.

आणि जे पैशाने मिळत नाही ते आपल्याकडे आहे. महादेव पालव मार्गावरच्या टॉवरमध्ये बोट विकत घेऊ शकणारे राहत असतील. पण कार्ब्युरेटर उघडून, जेट साफ करून, पुन्हा जोडून मशीन एका हिसक्यात चालू करणारा हात गिरणगावच्या घरांत आहे. साचा बिघडला की आवाजावरून दोष ओळखणाऱ्या माणसांची ही वस्ती. गिरण्या गेल्या, भोंगे बंद झाले, पण ते कान अजून जिवंत आहेत, आणि आपल्या नातवंडांना ते कधीच उपयोगी पडणार नाहीत अशी वेळ आली आहे. मुलांच्या शर्यतीत घरच्यांची टोळीच लागते. कुणी मशीन बघतो, कुणी पेट्रोल-ऑइलचं प्रमाण मोजतो, कुणी वेळ लिहून घेतो, आणि बहीण बोटीचं नाक धरून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहते. कुटुंबाचा खेळ म्हणतात तो यासाठी. क्रिकेटच्या शिबिरात बाप बाहेर बाकावर मोबाइल बघत बसतो. इथे बापाचे हात ग्रीसने काळे होतात आणि मुलगा त्याला विचारतो, “प्लग कधी बदलायचा?” अण्णा, तुमच्या नातवाने तुम्हाला तुमच्या कामाबद्दल शेवटचं काही कधी विचारलं?

यात मुलींचं वेगळं सांगतो. या खेळात बायकांचा निराळा गट लागत नाही. नॉर्वेची मारित स्ट्रोमॉय २०१५मध्ये शारजाला फॉर्म्युला वन पॉवरबोटची शर्यत पुरुषांना मागे टाकून जिंकली. तिच्याआधी कुठली बाई ती जिंकली नव्हती. माझ्या नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिने इतकंच विचारलं की तिला पोहता येत होतं का. प्रश्न बरोबर होता.

तिसरं कारण वेगाचं, आणि बाईंचं. चार कारणांत हेच मला सर्वांत वजनदार वाटतं. बाई म्हणाल्या, “अहो, रात्री उड्डाणपुलावर मोटरसायकली उडवणारी मुलं आपण बघतो. ज्यांना लहानपणी वेगाची चटक लागली, ती अठराव्या वर्षी काय करतील?” अशा दोन मुलांच्या अंत्ययात्रेला मी गेलो आहे. बाईही होत्या.

बाई, त्या मुलांना वेग माहीत नव्हता. त्यांना फक्त मूठ पिळणं माहीत होतं. बोटीचं एक वैशिष्ट्य सांगतो. बोटीला ब्रेक नसतो. रेस कमी करायची आणि पाण्याने थांबवायची वाट बघायची. किती आधी कमी करायची हे ज्याला कळलं नाही तो बोयावर आदळतो आणि त्याचे गुण जातात. दुसरं, आउटबोर्डची बोट वळते ती पंख्याच्या रेट्यावर. ऐन वळणावर घाबरून रेस पूर्ण सोडली की बोट नीट वळतच नाही, सरळ घसरत जाते. म्हणजे वळणाच्या आधी हिशेब करायचा, वळणात हात स्थिर ठेवायचा आणि वळण संपल्यावर जोर द्यायचा. दहा वर्षांचं मूल हे पन्नास वेळा करतं. पन्नास वेळा चुकतं, आणि चुकीची किंमत म्हणून फक्त भिजतं. पंधराव्या वर्षी त्याच्या डोक्यात वेग म्हणजे आधी करायचा हिशेब असतो. तुम्ही माझ्या मुलाला गणित असंच शिकवलंत. उत्तर देण्याची घाई केली की तुम्ही वही परत करायचात. पाणी तेच करतं, फक्त ते समजूत काढत नाही.

मात्र बाईंच्या भीतीतून एक नियम मी उचलला आहे. पहिली दोन वर्षं मुलांनी एकमेकांशी शर्यत लावायची नाही, फक्त घड्याळाशी. गुण वेळेचे कमी आणि नीटपणाचे जास्त. दोरी विसरली तर बाद. जॅकेटचा पट्टा सुटा असेल तर बाद. दुसऱ्याची बोट उलटली आणि न थांबता पुढे गेला तर त्या वर्षापुरता बाहेर.

चौथं कारण समुद्राचं. इथे मी जवळजवळ पूर्ण मान तुकवतो. मशीनचं तेल पाण्यात जातं, आवाज होतो, जाळी तुटतात. समुद्र आधी कोळ्यांचा आहे. त्यांच्या जाळ्यांच्या जागी शर्यत नको, शिवडीच्या रोहित पक्ष्यांच्या चिखलाकडे तर मुळीच नको. तांडेलांना विचारल्याशिवाय जागा ठरवायची नाही. शिकवायलाही त्यांनाच बोलवायचं, मानधन देऊन. भरती-ओहोटी, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग बदलला की काय समजायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला येतं? आपलंच बघा. २०२५मध्ये लालबागचा राजा विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पोचला आणि भरतीचं गणित चुकलं. लाखो माणसं, नवा तराफा, सगळी तयारी, तरी समुद्राच्या वेळेपुढे कित्येक तास थांबावं लागलं. १९३४ साली ज्या मंडळाची सुरुवात करण्यात कोळी बांधव पुढे होते, त्या मंडळाच्या गल्लीतल्या मुलांना आज अमावास्येचं उधाण म्हणजे काय हे सांगता येत नाही. हे आपण बदलायला हवं.

तेलाचं आणि आवाजाचं म्हणाल तर खेळ स्वतःच बदलतो आहे. २०२४मध्ये विजेवर चालणाऱ्या बोटींची ‘ई वन’ ही जागतिक मालिका सुरू झाली. प्रत्येक संघात एक पुरुष आणि एक बाई चालक असते. त्यातल्या एका संघाच्या मालकांत आपला विराट कोहली आहे. मुलांच्या लहान बोटींना विजेचं मशीन लावणं तर आणखी सोपं. आजची पोरं ज्या वयात शर्यत करतील त्या वयापर्यंत पेट्रोलचा धूर हा जुना मुद्दा झालेला असेल. तोवर लहान मशीन, कमी वेळ आणि तेलाचा थेंब पाण्यात पडणार नाही अशी शिस्त.

आता माझ्या अटी, म्हणजे मी काय मागतोय याबद्दल गैरसमज नको. पोहता आल्याशिवाय बोट नाही. दादरला शिवाजी पार्कजवळ महापालिकेचा महात्मा गांधी जलतरण तलाव आहे. सुरुवात तिथून. मग वल्हं, कारण मशीन बंद पडलं की घरी आणतं ते वल्हंच. मग मशीन, तेही आधी जमिनीवर उघडून. मग संथ, बंद पाण्यात बोयांची वळणं. नऊ वर्षांखाली कुणी नाही. पावसाळ्यात काही नाही. प्रत्येक मुलामागे घरातलं एक मोठं माणूस, आणि त्या मोठ्या माणसालाही जॅकेट बांधता आलं पाहिजे, दोरी लावता आली पाहिजे. ज्याला हे जमणार नाही त्याने मुलाचं नाव देऊ नये.

करी रोड स्टेशनपासून पूर्वेला शिवडी आणि पश्चिमेला वरळी. तासभर चाललं की दोन्हीकडे समुद्र. आपले आजे त्याच समुद्रावरून बोटीने रत्नागिरीहून, मालवणहून भाऊच्या धक्क्यावर उतरले. कान्होजी आंग्र्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, मुंबईतल्या नौदलाच्या तळालाही त्यांचं नाव आहे. आणि आपल्या मुलांना आपण चौपाटीवर पाऊल भिजवून मागे ओढतो. ही काळजी आहे, मला कळतं. पण काळजीने मूल पाण्यावर जायचं थांबत नाही. ते सहलीला जाणारच, मुरूडला, तारकर्लीला, घारापुरीला. प्रश्न फक्त एवढाच की ते तिथे काय होऊन बसणार.

गेल्या महिन्यात नातीला घेऊन रेवसला निघालो होतो, भाऊच्या धक्क्यावरून. लाँच भरली. ती जाऊन बसली नाही. उभी राहून वर छताकडे बघत राहिली. जॅकेटं फळीवर रचून सुतळीने आवळून बांधलेली होती. तिने बोट दाखवत मोजली, मग बाकांवरची माणसं मोजली, आणि खलाशाकडे जाऊन म्हणाली, “काका, ही सुतळी सोडाल का? घाईत गाठ सुटणार नाही.” खलाशी क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. त्याने खिशातून सुरी काढली आणि सुतळी कापली. पलीकडे बसलेल्या एका बाईने उठून दोन जॅकेटं घेतली आणि आपल्या मुलांना घातली. पट्टा उलटा लागला होता, तो नातीने सरळ करून दिला.

अण्णा, बाई, पुढच्या बैठकीत मी प्रस्ताव पुन्हा मांडणार आहे. मशीन माझं, आठ हॉर्सपॉवरचं, जुनं पण एका हिसक्यात चालू होणारं. लाल दोऱ्या मी नव्या आणल्या आहेत, बारा.